येणे नसलेला निरोप

आमच्या मांडवीच्या घरात निजताना कोणी कोणाला काही म्हणत नसे. बोलणे पुष्कळ होई, पण ते सगळे कामाचे. "मागच्या दाराला अडसर घातलास का?" हे बाबांचे. "निखाऱ्यांवर राख ओढलीस का गो?" हे आत्याचे. "पाण्याचा तांब्या उशाशी घेऊन नीज, मग हाका मारू नको," हे आईचे. शेवटी कोणी तरी दिवा शांत करी. 'विझव' हा शब्द आमच्याकडे चालत नसे. मग दिवसभर विसरलेला समुद्र ऐकू येऊ लागे आणि ज्याला त्याला झोप लागे. एकाच छपराखाली शेजारी शेजारी निजणाऱ्या माणसांनी झोपण्यापूर्वी एकमेकांचा निरोप घ्यावा, हे कोणाच्या डोक्यात आले नसते. आज माझी मुले निजायला जाताना 'गुड नाइट, आई' म्हणतात, आणि मीही हातातले काम न सोडता तेच उत्तर देते. अलीकडे 'शुभ रात्री' असेही कुठे कुठे छापलेले दिसते. ते मराठी आहे खरे, पण मराठी माणसाच्या तोंडून मी ते अजून ऐकलेले नाही. आमच्या घरात हा इंग्रजी शब्द प्रथम आला तो माझ्या ताईच्या नवऱ्याबरोबर. त्यानंतरचा एक पावसाळा आम्ही कसा काढला, ते मला लिहून ठेवायचे आहे. आठवते तेवढेच लिहिते. जिथे नक्की ठाऊक नाही तिथे तसे सांगेन.

बाबांचे बंदराच्या वाटेवर दोरखंडांचे दुकान होते. काथ्याचे दोर, सुंभ, जाळ्यांना लागणारी सुतळी असा माल. दोर वावावर विकला जाई. दोन्ही हात पूर्ण पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. माझे हात लहान, म्हणून बाबांनी दुकानाच्या भिंतीला दोन खिळे मारून दिले होते आणि शाळा सुटल्यावर मी त्या खिळ्यांवर दोर मोजून देत असे. मला मोजायला आवडे. गिऱ्हाईक ओळखीचे आहे म्हणून चार बोटे जास्त सोडणे मला जमत नसे, आणि बाबा गिऱ्हाइकांना हसून सांगत, "मनूनं मोजलंय ना, मग पुन्हा मोजू नका." हीच गोष्ट घरीही झाली. कोण किती वाजता आले, कोण काय म्हणाले, वाद पडला की "मनूला विचारा" असे होई. मला त्याचा अभिमान वाटे. पुढे त्याचे ओझे झाले.

आत्या ही बाबांची थोरली बहीण. तिचे सासर राजापूरजवळच्या नाटे गावचे. तिचा नवरा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. एका पहाटे तो निघाला तेव्हा आदल्या रात्रीच्या भांडणामुळे आत्या तोंड फिरवून पडून राहिली होती. ती जागी होती, पण उठली नाही. त्याला वाटले तिला झोप लागली आहे, म्हणून तिला न उठवता तो गेला. ते गलबत पुन्हा कोणत्याच बंदराला लागले नाही. आत्या कधी 'बुडाला' म्हणाली नाही. "आमच्या घरचे न सांगता गेले," एवढेच म्हणे. निघताना 'येतो' म्हटले असते तर माणूस त्या शब्दाला बांधला गेला असता, परत यावेच लागले असते, हे तिच्या मनाने घेतले होते आणि उरलेले आयुष्य तिने त्या एका शब्दावर पहारा केला. 'जातो' म्हणायची तर आमच्याकडे सोयच नव्हती. ती तर सगळ्याच मराठी घरांत नसते. पण आमच्याकडे विहिरीवर जातानासुद्धा 'येते' म्हणावे लागे. मासे विकायला येणारी गंगू कोळीण घाईत "चलले गो बाय" म्हणाली की आत्या तिची टोपली धरून ठेवी. गंगू म्हणे, "अगो, उद्या नाय आले तर तुझेच बांगडे चुकतील, सोड!" तरी 'येते' म्हटल्याशिवाय टोपली सुटत नसे. आम्ही हसत असू. आत्या हसत नसे.

ताईचे लग्न राजापूरच्या घरात झाले होते. भाऊजी मुंबईला एका इंग्रज व्यापाऱ्याच्या कचेरीत कारकून होते आणि चारपाच जणांत मिळून एका खोलीत राहत होते. त्यामुळे ताई कधी सासरी राजापूरला, कधी आमच्याकडे. त्या मे महिन्यात ते रजेवर आले तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला राहिले. माजघरात आंब्यांची अढी होती, सगळ्या घराला गवताचा आणि पिकत्या आंब्याचा वास. परसात आमसुले वाळत होती. पावसाळ्यासाठी पडवीला लावायच्या माडाच्या झापांचे विणकाम चालू होते आणि भाऊजी त्यातही हात घालून बोटे कापून घेत. पहिल्याच रात्री ते माडीवर जायला उठले, जिन्याशी थांबले आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "गुड नाइट!" आई पदर सावरून उगीच हसली. बाबांनी विचारले, "म्हणजे काय?"

"रात्र चांगली जावो. झोपायच्या आधी म्हणतात, नाही तर रात्रीचं निघताना म्हणतात. भेटल्यावर नाही म्हणायचं. भेटल्यावर गुड इव्हिनिंग."

"साहेब तुम्हाला म्हणतो?"

"रोज. दिवसभर आमच्यावर ओरडत असतो. पण टोपी घालून निघाला की प्रत्येक टेबलापाशी थांबून म्हणतो. शिपायालासुद्धा. तेवढं एक त्याचं मला आवडतं." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "मुलांना तर आणखी म्हणतात, मेव्हणीबाई. स्लीप टाइट. गाढ झोपा, आणि ढेकणांना चावू देऊ नका."

बाबांना हे फार आवडले. "म्हणजे साहेबाच्या घरातही ढेकूण! ऐकलंस का गो? आणि आपण उगीच बाजा उन्हात टाकतो."

आत्या चुलीपाशी राख सारखी करीत होती. तिथूनच तिने विचारले, "मग हा निघतानाचा शब्द आहे म्हणता. मग एका घरात निजणाऱ्यांना कशाला? इथून कोण कुठं निघालंय?"

"झोप म्हणजे थोडं दूर जाणंच की, आत्याबाई."

"आणि परत येणं? ते कुठं आहे त्यात?"

भाऊजींनी खरोखर विचार केला. ते प्रामाणिक होते, शब्दाचा अर्थ वाढवून सांगणारे नव्हते. "यात येणं नाही," ते म्हणाले. "रात्र चांगली जावो, एवढंच."

आत्याने हातातला चिमटा खाली ठेवला. त्या रात्री तिने अडसर दोनदा चाचपून पाहिला.

रोज रात्री भाऊजी जिन्याशी थांबत आणि रोज मी उत्तर देत असे. मला ते जमू लागले होते. ताईला मात्र जमले नाही. ती मागून जिना चढताना नुसते "बरं" म्हणे. एकदा झाप विणताना ते मला म्हणाले, "तुझ्या ताईला विचार गो, एवढे दोन शब्द म्हणायला काय पडतं? मुंबईला गेलो की तिकडे खोलीत निजताना हेच दोन शब्द आठवणार मला." मी ताईला विचारले. ती आंबे चाळत होती, डागाळलेले बाजूला काढीत होती. "रोज रात्री माणसाला निरोप द्यायचा?" ती म्हणाली. "मला नाही बाई होत. ते पावसाळा संपला की खोली बघून मला न्यायला येणार आहेत. ते आले, मला घेऊन गेले, की मग तिथं म्हणेन." तिचा सगळा जीव त्या येण्यात होता. नेसूच्या लुगड्यांतली दोन तिने बाजूला घडी करून ठेवली होती, मुंबईसाठी.

निघायचा दिवस मला नीट आठवतो. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होता आणि दक्षिणेकडे आभाळाला तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा रंग आला होता. पानही हलत नव्हते. किनाऱ्यावर लोक होड्या वर ओढून घेत होते. सहसा त्या आणखी आठवडाभर पाण्यात असतात. पावसाळ्यात बोटी बंद होत, म्हणून ही जवळजवळ शेवटची बोट. ती दुपारी यायची होती. भाऊजींच्या हातावर आईने दही घातले, ते सगळ्यांच्या पाया पडले आणि उंबऱ्यात थांबून आत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आत्याकडे पाहत मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "येतो, आत्याबाई." आत्याचा चेहरा सैल झाला. आंब्यांची करंडी, फणसपोळी, कुळथाच्या पिठाची पिशवी घेऊन आम्ही बंदरावर गेलो आणि बसून राहिलो. बोट आली नाही. कोणी म्हणाले वेंगुर्ल्यालाच अडकली, कोणी म्हणाले आता येतच नाही. दिवस कलल्यावर बाबा म्हणाले, "चला घरी, चार घास तरी खाऊन घ्या." म्हणून भाऊजी घरी परत आले.

आत्याने त्यांना दारात पाहिले आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले. मला तेव्हा कळले नाही, मग कळले. दुपारचा 'येतो' खर्च झाला होता. ते 'येतो' म्हणाले आणि आले. आता पुन्हा निघताना नवा म्हणायला हवा होता. आत्याचा हिशेब चोख होता. मला त्यात अजून चूक सापडत नाही, फक्त तो हिशेब कशाचा, हे सापडत नाही.

भाऊजी पानावर बसले होते. बांगड्याचे तिरफळ घातलेले तिखले आणि भात. अर्धा भात पानात असतानाच बोटीचा भोंगा झाला. बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसांना पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, तिच्यापर्यंत जावे लागे. उशीर झालेली बोट कोणासाठी थांबत नसे. भाऊजी तसेच उठले, खरकटा हात विहिरीवर कसाबसा धुतला आणि मागच्या दाराने, जवळच्या वाटेने, पळत सुटले. बाबा करंडी घेऊन मागे, ताई आणि मी त्यांच्या मागे. आत्या विधवा, ती निघणाऱ्याच्या समोर येत नसे. ती आत स्वयंपाकघरात होती. उष्ट्या पानासमोर तिला सोडून आम्ही सगळे गेलो.

पडाव भरत आला होता. भाऊजींनी उडी मारली, करंडी घेतली. खलाशांनी वल्ही टाकली. मी धक्क्याच्या पाण्यालगतच्या अगदी खालच्या पायरीवर होते, पाण्याचा शिंतोडा पायांवर येत होता, त्यामुळे मला स्पष्ट दिसले आणि स्पष्ट ऐकू आले. भाऊजी आमच्याकडे वळले, हात वर केला आणि हसत म्हणाले, "गुड नाइट!" आणि पुढे तोंड करून बसले.

मी उत्तर द्यायला तोंड उघडले होते. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर त्यावर वळ उठले. "म्हणाले नाहीत," ती म्हणाली. "मनू, म्हणाले नाहीत ना?" "नाही," मी म्हटले. पडाव सरकत होता. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. ताईला ते माझ्याहून चांगले माहीत होते. तिने एक पायरी उतरून घोट्याइतक्या पाण्यात पाय टाकला, आणि जी कधी चारचौघांत नवऱ्याशी बोलली नव्हती ती सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो! अहो!"

भाऊजी वळले. अर्धे उभेच राहिले. खलाशी खेकसला, "ए मास्तर, बसा खाली! सगळ्यांना बुडवायचंय काय?" भाऊजी बसले, पण त्यांचा चेहरा उजळला होता. मी तो विसरलेले नाही. त्यांना वाटले, शेवटी एकदा ही म्हणते आहे. जे दोन शब्द इतके दिवस रोज रात्री मागितले ते ही आता सगळ्यांदेखत द्यायला आली आहे. ते पुन्हा म्हणाले, अगदी मनापासून, "गुड नाइट!" आणि वाट पाहू लागले. पडाव लांब चालला होता. आता ताईला पुन्हा हाक मारता येईना आणि ते चेहरा वळवीनात. मग ती म्हणाली, "गुड नाइट." हळू. त्यांना ऐकू गेले नसेल, पण ओठ दिसले असतील, कारण त्यांनी मान हलवली.

घरी आत्या उंबऱ्याच्या आत उभी होती. "म्हणाले?"

"म्हणाले असतील," बाबा म्हणाले. "गडबड होती. आता आत चल."

"असतील नको. मनूला विचार. मनू, म्हणाले?"

ताई माझ्याकडे पाहत होती. बाबाही पाहत होते, आणि बाबांच्या डोळ्यांत मला काय सांगायचे ते स्पष्ट होते. पण चार बोटे जास्त सोडणे मला येत नव्हते. "नाही," मी म्हटले. "गुड नाइट म्हणाले. दोनदा." आणि कोणी विचारले नसताना पुढचेही सांगितले, "ताईनं मागून हाक मारली तेव्हा." आत्या तिथेच खाली बसली. त्या दिवशी ते उष्टे पान कोणी उचलायचे हे कोणालाच कळेना.

अंधार पडताच वादळ आले. माडीची कौले उडाली, परसातला एक माड आडवा झाला. पण बोट मुंबईला पोचली. तशी तार आली. बाबांनी ती मोठ्याने वाचली आणि आत्याला म्हणाले, "झालं समाधान?" आत्या म्हणाली, "पोचणं निराळं, येणं निराळं." मग पावसाने बंदर बंद झाले आणि आम्ही झापांच्या आड कोंडले गेलो. दिवसासुद्धा अंधार. सुकट, कुळथाची पिठी, फणसाच्या आठळ्या. ओल्या लाकडांचा धूर. पत्रे घाटावरून फिरून येत, आधी वेळेवर, मग रखडत, आणि श्रावण लागला तशी बंदच झाली. आई ताईच्या कपाळावर कुंकू जरा जास्तच मोठे लावू लागली. आत्याने एक वेळचे जेवण सोडले. ताईला कोणी दोष दिला नाही, पण ती आली की बोलणे थांबे, आणि ते तिला कळत होते. तिच्या हातातल्या बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत मागे सरकत. एकदा निजल्यावर ती मला म्हणाली, "मनू, त्याचा अर्थ काय गं नक्की?"

"रात्र चांगली जावो."

"एकच रात्र?"

मी मनात शब्द पुन्हा मोजले. एकच होती.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवला, बोटी सुरू झाल्या. पहिल्या बोटीला ताई आणि बाबा बंदरावर गेले. भाऊजी त्यात नव्हते. दुसऱ्या बोटीतही नव्हते. बाबांनी मुंबईला जायचे ठरवले आणि ठरवल्यावर दोन दिवस नुसते दुकानात बसून राहिले. मला वाटते, कळायची भीती वाटत होती त्यांना. तिसऱ्या बोटीच्या दिवशी ताई पुन्हा बाबांबरोबर गेली. घरात आई, आत्या आणि मी. आत्या मागच्या दारापाशी विळीवर नारळ खवत होती. दारात सावली पडली.

भाऊजी होते. डोक्यावरचे केस उतरवलेले, गालफडे आत गेलेली, हातात काठी. आत्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. तिने आधी पायांकडे पाहिले. पाय सरळ आहेत हे पाहून मग वर पाहिले. आई किंचाळली आणि तशीच अनवाणी बंदराकडे धावत सुटली, ताईला सांगायला. भाऊजी उंबऱ्यावर टेकले आणि दम खात मला सांगू लागले. विषमज्वर झाला होता, इस्पितळात होते, लिहायला हातात बळ नव्हते. बरे वाटल्यावर बोटीची हिंमत झाली नाही, म्हणून कोल्हापूरवरून मोटारीने राजापूरला आईवडिलांकडे, आणि तिथून इथे. खोली मिळाली होती. ताईला न्यायला आले होते.

मी आत्याकडे पाहिले. ती आनंदाने उठेल, मीठमोहऱ्या ओवाळील असे मला वाटले होते. ती बसूनच होती. घरातली मोठी वस्तू कोणी तरी समोरून उचलून नेत असावे आणि आपल्याला हलता येत नसावे, तसा तिचा चेहरा झाला होता. जावयाशी अहोजाहो करणारी आत्या म्हणाली, "तू आलास."

"आलो, आत्याबाई."

"न सांगता गेला होतास. मागून हाक पडली होती. पान अर्धं टाकलं होतंस." ती एकेक करून मोजत होती. "तरी आलास. मग आमच्या घरचे का नाही आले?"

हे ती भाऊजींना विचारत होती की आणखी कोणाला, हे मला सांगता येणार नाही. भाऊजींना पहिल्यांदा काही समजले नाही. मग समजले. राजापूरचेच होते ते, नाट्याच्या त्या गलबताची गोष्ट त्यांनी ऐकलेली होती. आत्या विळीवरून पुढे वाकली. तिचा आवाज अगदी बारीक झाला. "पडावात बसल्यावर तरी म्हणाला असशील. आठव. म्हणाला असशील ना?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिले, मग काठीकडे. "म्हणालो होतो," ते म्हणाले. "पडावात बसताना. येतो म्हणालो."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

आत्या माझ्याकडे वळली. सगळा पावसाळा तिने माझ्या शब्दावर काढला होता. "मनू, तू तर नाही म्हणालीस."

"मी वरच्या पायरीवर होते, आत्या," मी म्हटले. "मला ऐकू आलं नसेल."

आत्याने मला निरखून पाहिले. मग तिने खाली ठेवलेली करवंटी उचलली. "तरीच," ती म्हणाली. "तरीच आलास." आणि विळीच्या पात्यावर करवंटी पुन्हा फिरू लागल्यावर, मान वर न करता मला म्हणाली, "उभी काय राहिलीस गो? पाय धुवायला पाणी दे त्याला."